कागदावरचा कातळ

वनखात्यात नोकरी केली असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न वाघाचा असतो आणि दुसरा सागवानी पलंगाचा. वाघ मी पाहिला नाही. बिबट्या दोनदा पाहिला, आणि दोन्ही वेळा त्याने मला आधी पाहिलं होतं. पलंगाचं म्हणाल, तर आमच्या घरचा पलंग लोखंडी आहे आणि तोही सासऱ्यांनी दिलेला. बायको अजून ऐकवते, "आयुष्यभर लाकडात राहिले, पण घरात कधी एक पाटसुद्धा आणला नाही."

जंगल तोडायचं कसं ठरवता, हा प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. लोकांना वाटतं, खात्याने जंगल राखायचं आणि चोरांनी ते तोडायचं. पण तोडणं हेही आमचंच काम होतं, आणि ते राखण्याइतकंच जोखमीचं. कोणतं झाड कधी काढायचं, कोणतं बियाण्यासाठी ठेवायचं, उघड्या पडलेल्या डोंगरावर पुन्हा जंगल कसं आणायचं, हे सगळं एका जाडजूड ग्रंथात लिहिलेलं असतं. त्याला कार्य आयोजना म्हणतात. तो ग्रंथ दहा वर्षं चालतो. त्यात जे लिहिलं ते डोंगराने दहा वर्षं भोगायचं. ग्रंथावर सही मोठ्या साहेबांची असते, पण आतली ओळ न ओळ माझ्यासारखा कुणीतरी वनपाल उन्हात उभा राहून कच्च्या वहीत उतरवत असतो. अशा एका ओळीची ही हकिकत आहे. ती ओळ खोटी होती आणि ती मी लिहिली होती.

मी मूळचा यावलकडचा, केळी पिकवणाऱ्या घरातला. आमच्याकडे केळीचा घड उतरला की खांब कापून आडवा करतात, आणि त्याच्या कंदातून फुटलेल्या पिलावर पुढचं पीक धरतात. त्याला पिलबाग म्हणतात. वडील म्हणायचे, "केळ मरत नाही, ती कूस बदलते." हे मी लहानपणापासून डोळ्यांनी पाहत आलो होतो. ते मुद्दाम इथे सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्या हातून जे झालं ते निदान पिलबागवाल्याच्या पोराच्या हातून व्हायला नको होतं.

नोकरीची बरीचशी वर्षं धुळे आणि साक्रीच्या मधल्या कोरड्या डोंगरांत गेली. राउंडचं, म्हणजे एका वनपालाच्या हद्दीचं, नाव लिहीत नाही. तिथल्या पाड्याला आपण चिंचदरा म्हणू. तिथलं मुख्य झाड अंजन. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो : पान आपट्यासारखं जोडलेलं, पण नखाएवढं; फांद्या खाली झुकलेल्या; आणि लाकूड असं की कुऱ्हाड मारली तर कुऱ्हाडीलाच विचार पडावा. ऐन उन्हाळ्यात बाकीचं जंगल करपलेलं असताना अंजनाला कोवळी तांबूस पालवी येते आणि शेळ्या त्यावर तग धरतात. चिंचदऱ्याची निम्मी चूल शेळ्यांवर चालायची. म्हणून तिथे कुणाला विचारलं, की तुमचा डोंगर कसा आहे, तर माणसं अंजनाचंच सांगायची.

मी तिथे नवा गार्ड म्हणून आलो तेव्हा पाड्याच्या मागच्या उतारावर कूप लागला होता. कूप म्हणजे त्या वर्षी तोडीला आलेला जंगलाचा तुकडा. तोडीआधी झाडांवर खुणा करतात. छातीच्या उंचीवर घेर मोजायचा, साल तासून नंबर घालायचा आणि बुंध्याशी, अगदी जमिनीलगत, खात्याच्या हातोड्याने शिक्का उठवायचा. झाड तोडून नेलं तरी खुंट जागेवर राहतो आणि खुंटावरचा शिक्काही राहतो. मागून तपासायला आलेल्या साहेबाला बिनशिक्क्याचा खुंट दिसला की गार्डाची धडगत नाही. तो हातोडा रेंजर साहेबांच्या कुलपात असायचा आणि मार्किंगच्या दिवसापुरता आमच्या हाती यायचा. तो हातात आला की माणूस जरा ताठ चालायचा, हे कबूल करतो.

माझ्याबरोबर टेप धरायला गुलाबनाना होते. चिंचदऱ्याचे भिल्ल, खात्याचे जुने वनमजूर, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. मी त्यांना नाना म्हणायचो आणि ते मला भाऊ. साहेब कधीच म्हणाले नाहीत. उताराच्या माथ्यावर एक जुना अंजन होता. वाकडा, एका अंगाने पोखरलेला. लाकडाच्या हिशोबाने काढायलाच हवा होता. मी टेप मागितला तर नानांनी तो हातातच धरून ठेवला.

"भाऊ, ह्याले हात नका लावू. ह्यानं बी बठ्ठा उतारले पुरस."

त्या एका झाडाचं बियाणं सबंध उताराला पुरतं, असं त्यांचं म्हणणं. मी ते झाड सोडलं. नानांच्या शब्दाला मान दिला, असं मी नंतर वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो. खरं सांगायचं तर दुपारचा दीड वाजला होता, पोटात कावळे ओरडत होते आणि त्या बुंध्याभोवती काटेरी झुडपांचं रान माजलेलं होतं. शिक्का मारायला आत शिरायचा कंटाळा आला. नाना मात्र त्या दिवसापासून मला जाणता माणूस समजू लागले, आणि मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

कूप तुटला. उतार उघडा झाला. माझी बदली झाली, मग बढती मिळून वनपाल झालो आणि बऱ्याच वर्षांनी नव्या कार्य आयोजनेच्या मोजणीत पुन्हा त्याच उतारावर येऊन उभा राहिलो.

मोजणीची पद्धत सोपी असते. नकाशावर चौकटी आखलेल्या असतात. चौकटीच्या कोपऱ्यावर जायचं, तिथला ठरावीक तुकडा दोरीने आखायचा आणि त्यातली झाडं मोजायची. त्यावरून त्या भागाला काय वागणूक द्यायची ते ठरतं : तोड, विरळणी, संरक्षण की नवीन लागवड. मोजणी आम्ही वैशाखात करायचो. पावसाळ्यात नाले अडवतात, थंडीत दुसरी कामं असतात, आणि वैशाखात पानगळ झालेली असल्यामुळे लांबवर दिसतं. लांबवर दिसतं हे खरं. पायाखालचं दिसत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी उतारावर माझ्या दोरीच्या आत एकही झाड नव्हतं. माती, मुरूम, वाळलेलं कुसळी गवत आणि गवतात वीतभर उंचीच्या सुकलेल्या काड्या. मी वहीत लिहिलं : रिक्त. म्हणजे इथे जंगल नाही. रिक्त लिहिलं की त्या भागाला आपोआप पुढची वागणूक लागू होते. मशीनने चर खणायचे, पाणी अडवायचं आणि रोपं लावायची.

"काय लिखं, भाऊ?" नानांनी विचारलं. तोवर त्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

"रिक्त लिहिलं, नाना. काही नाही ना इथे."

"नही कसं? खाले शे ना बठ्ठं."

"खाली माती आहे, नाना."

 नाना दोरी गुंडाळून पुढच्या खुणेकडे चालू लागले. वनमजुराने एकदा सांगायचं, दुसऱ्यांदा सांगायचं नाही, अशी त्यांना सवय लागलेली होती. ती सवय लावणाऱ्यांत मीही होतो.

आयोजना मंजूर झाली. आणि योग असा, की चर खणायचं वर्ष आलं तेव्हा तो राउंड माझ्याकडेच होता. पावसाळा तोंडावर आला होता, साहेबांचा रोज फोन : किती झालं, किती उरलं. मशीन उताराच्या डाव्या अंगाने कामाला लागलं. गैरसमज नको म्हणून सांगतो, चर ही वाईट गोष्ट नाही. उघड्या बोडक्या डोंगरावर चराने पाणी मुरतं, विहिरींना पाझर फुटतो. आमच्या भागातली कित्येक गावं त्यावर तगली. पण औषध चांगलं आहे म्हणून ज्याला ताप नाही त्याला पाजायचं नसतं.

निम्मा उतार खणून झाला होता. दुपारी मी सावलीला डबा खात बसलो होतो. नाना आले. हातात लहान सब्बल.

"भाऊ, दोन मिनिट मशीन थांबाडा. माले एक गोट दखाडनी शे."

मशीनवाल्यालाही जेवायचंच होतं, म्हणून थांबला. नाना मला उजव्या अंगाला, न खणलेल्या भागात घेऊन गेले. गवतातली एक सुकी काडी त्यांनी दोन बोटांत धरली. करंगळीहून बारीक. मी ती सहज मोडली असती. ते गुडघे टेकून बसले आणि काडीच्या कडेने सब्बलीने माती उकरू लागले. वीतभर खाली गेल्यावर ती काडी संपली आणि तिथून एक मूळ सुरू झालं. आधी अंगठ्याएवढं, मग त्याहून जाड. ओलं, वरून तपकिरी. नानांनी त्यावर नख ओढलं तर आत पांढरंशुभ्र. हातभर खणलं तरी मूळ संपेना. ते सरळ खाली, मुरमात शिरलं होतं.

"अंजन शे," नाना म्हणाले. "दर साल पाऊसमा वर येस, उन्हाळामा वरथून मरस. पन खालथून वाढस. पयले पाय रोवस, मंग डोकं काढस. माथावरला तो म्हातारानं बी शे हाई. तुम्ही सोडेल व्हता ना, त्यानं."

मी खाली बसलो. आजूबाजूला पाहिलं. हातभर अंतरावर दुसरी काडी. तिच्यापलीकडे तिसरी. सबंध उतार काड्यांनी भरलेला होता. ज्याला मी रिक्त म्हटलं ते सात-आठ वर्षांचं जंगल होतं, फक्त ते जमिनीखाली उभं होतं. आणि माझे वडील आयुष्यभर पिलबाग धरत आले होते.

मग मी डाव्या अंगाकडे पाहिलं. चरांच्या कडेला मातीचे ढीग पडले होते आणि ढिगांतून तुटलेली मुळं बाहेर आलेली होती. सकाळपासून मी ती पाहत होतो आणि मला ती झुडपांची मुळं वाटत होती. उरलेली मशीनच्या पट्ट्यांखाली आणि ढिगांखाली गेली होती. त्या क्षणी मला जी लाज वाटली ती आजही तशीच वाटते, तिच्यावर वर्षांची काही पुटं चढलेली नाहीत.

मशीन मी तिथेच थांबवलं. एवढं एक बरं काम माझ्या हातून झालं.

पण थांबवलं त्याचं कारण लिहावं लागणार होतं. मंजूर आयोजनेतलं काम वनपालाला मनाला येईल तसं थांबवता येत नाही. खरं कारण लिहायचं तर लिहावं लागलं असतं की मोजणी चुकीची होती, मोजणी करणारा मीच होतो, मजुराने मला तेव्हाच सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. शिवाय निम्मा उतार खणून गेला होता, त्याची जबाबदारी आलीच असती. घरी दोन मुलांची शिक्षणं चालू होती. मी संध्याकाळी ऑफिसात बसलो आणि लिहिलं : 'उर्वरित क्षेत्रात कातळ लागल्याने चर खोदणे शक्य नाही. सदर क्षेत्रास केवळ संरक्षण व निगा प्रस्तावित.' रेंजर साहेबांनी वाचलं, मान हलवली आणि सही केली. कातळाशी कोण भांडणार?

दुसऱ्या दिवशी नानांना सांगितलं.

"काय लिखं?"

"कातळ लागला म्हणून लिहिलं."

"तठे कातळ नही शे, भाऊ."

"ठाऊक आहे."

नानांनी डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. मग म्हणाले, "बरं. झाडं वाचनात ना." आणि आम्ही दोघंही त्यावर पुन्हा बोललो नाही.

कागदावर दोन शब्द लिहून मी मोकळा झालो. संरक्षण खरं केलं ते चिंचदऱ्याने. संरक्षण म्हणजे त्या उतारावर पाच-सहा वर्षं शेळी चढू द्यायची नाही आणि वणवा शिरू द्यायचा नाही. खात्याकडे त्यासाठी माणूस होता तो एकच, नाना स्वतः. पाड्यातल्या बाया शेळ्या घेऊन पलीकडच्या डोंगराला वळसा घालून जायच्या, दीड कोस जास्त. नानांची बायको सखूअक्का एकदा मला वाटेत गाठून म्हणाली, "तुमी बसीसन लिखतस कातळ, आन पाय दुखतस आमना." तिच्या नवऱ्याने तिला सगळं सांगितलेलं होतं तर. मी हसून वेळ मारून नेली. शेळ्या मात्र तिने उतारावर चढू दिल्या नाहीत. एक उन्हाळा फार कडक गेला, दोन शेळ्या दगावल्या, तेव्हाही नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात उजव्या अंगाच्या काड्यांनी डोकं काढलं आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या वाळल्या नाहीत. पाय रोवून झाले होते. मग जी वाढ झाली ती बघायला डोळे हवेत. डाव्या अंगाला चरांच्या काठी आम्ही रोपं लावली होती, झटपट वाढणाऱ्या परक्या जातींची. त्यांतली काही जगली, रांगेत उभी राहिली, बरीच गेली.

आता गंमत बघा. नकाशावर तो सबंध उतार एकच क्षेत्र होता आणि त्याचं नाव होतं 'रोपवन'. रस्त्याकडून येणाऱ्याला आधी उजवं अंग दिसायचं. साहेब लोक यायचे, हिरवागार अंजन बघायचे आणि माझ्या पाठीवर थाप मारायचे. खात्याने तिथे पाटी लावली : चर खोदून इतकी रोपं लावली, वगैरे. निवृत्तीच्या समारंभात मला प्रशस्तिपत्र मिळालं, त्यातही त्या रोपवनाचा उल्लेख होता. नाना त्या समारंभाला आले होते, धुतलेलं धोतर नेसून, मागच्या रांगेत. भाषणात मी त्यांचे आभार मानले. टाळ्या पडल्या. कशाबद्दल आभार ते मात्र मी मोघम ठेवलं. प्रशस्तिपत्र फ्रेम करून बैठकीत लावलं. पलंग नाही तर नाही, भिंतीवर काहीतरी लाकडी आलं, असं बायको म्हणाली.

गोष्ट इथे संपली असती तर मी हे लिहिलंही नसतं. एक खोटं, त्यातून झाडंच वाचली, कुणाचं वाकडं झालं नाही, अशी मी माझी समजूत घातली होती.

या वैशाखात मला फोन आला. नव्या कार्य आयोजनेचं काम चालू होतं आणि त्यावरच्या अधिकारी, देवयानी मॅडम, जुन्या माणसांना भेटत होत्या. तिशीच्या आतल्या, कामाला वाघ, बोलायला गोड. धुळ्याला माझ्या घरी आल्या, टेबलावर नकाशा पसरला.

"सर, तुमच्या रोपवनाचा आम्हाला फार उपयोग झाला. उपग्रहाच्या चित्रात एवढ्या कोरड्या पट्ट्यात असा हिरवा ठिपका दुसरा नाही. म्हणून शेजारच्या दोन उतारांनाही तीच वागणूक सुचवली आहे. तेही रिक्तच आहेत. पावसाआधी चर, मग लागवड."

शेजारचे उतार माझ्या ओळखीचे होते. माथ्यावरच्या म्हाताऱ्या अंजनाची शेंग हलकी असते, चपटी, वाऱ्यावर जाते. त्या दिशेने वारा सुटतो हे मला माहीत होतं. आणि ते उतार मॅडमनी कुठल्या महिन्यात पाहिले असतील हेही विचारायची गरज नव्हती.

माझ्या कातळाने आता दुसऱ्याच्या घरावर घसरायला सुरुवात केली होती. मी म्हणालो, "मॅडम, उद्या सकाळी माझ्याबरोबर चिंचदऱ्याला चला. जाताना एक सब्बल घेऊ."

नाना अंगणात खाटेवर बसलेले होते. सखूअक्का दोन वर्षांपूर्वी गेली. नानांना आता कमी दिसतं, पण माझा आवाज त्यांनी ओळखला. मी का आलोय ते थोडक्यात सांगितलं. मॅडम जरा पुढे गेल्या होत्या. नाना हळू आवाजात म्हणाले, "आते सांगी टाका, भाऊ. मी कितला दिन साक्षीले पुरसू?"

नाना काठी टेकत आमच्याबरोबर आले. शेजारच्या उतारावर पोचायला वेळ लागला. गवतात काड्या होत्या. मी एक निवडली, गुडघे टेकले आणि खणायला लागलो. साठीनंतर गुडघे टेकणं सोपं नाही, आणि सब्बल धरायची सवयही सुटलेली. मॅडम आधी थोड्या अवघडल्या, मग माझ्याशेजारी बसल्या. वीतभर खाली काडी संपली आणि मूळ लागलं. मी त्यावर नख ओढलं. आत पांढरं.

मॅडमनी बोट लावून पाहिलं.  मग उभ्या राहून त्यांनी चौफेर नजर फिरवली. मी कधीकाळी फिरवली होती अगदी तशीच.

"म्हणजे हे रिक्त नाहीच."

"नाही."

"पण सर, तुमच्या उतारावर तर चर..." त्या थांबल्या. त्यांनी जुने कागद वाचलेले होते. "उजव्या अंगाला कातळ लागला होता ना?"

"कातळ मी लिहिला," मी म्हणालो. "तिथे लावलेलं एकही झाड नाही. ते आपलं आपण आलेलं आहे. जिथे आम्ही चर खणले तिथे असंच जंगल होतं, ते आम्ही मारलं. नानांनी मला मोजणीच्या दिवशीच सांगितलं होतं."

त्या माझ्याकडे रागाने बघतील असं वाटलं होतं. तसं झालं नाही. त्यांनी नानांकडे पाहिलं, मग पिशवीतून कोरा कागद काढला. "सर, एवढं लिहून द्याल? नुसत्या तोंडी सांगण्यावर मला हे दोन उतार आयोजनेतून काढता येणार नाहीत. वर विचारतील, की यशस्वी ठरलेली पद्धत का बदलली."

मी एका दगडावर बसलो, पॅड गुडघ्यावर घेतलं. 'मी खाली सही करणार, सेवानिवृत्त वनपाल' इथपर्यंत पेन झरझर चाललं. पुढे लिहिलं, 'तत्कालीन परिस्थिती व कामाची निकड विचारात घेता...' आणि अडकलो. तीस वर्षं ज्या भाषेत लपलो ती भाषा हातातून सुटत नव्हती. खोडलं. 'अनवधानाने' लिहिलं. तेही खोडलं. मॅडम तोंड फिरवून उभ्या होत्या. ऊन चढत होतं.

"भाऊ," नानांनी हाक मारली. काठी बाजूला टाकून ते खड्ड्याशी बसले होते आणि दोन्ही हातांनी माती चाचपत होते. "लिखनं व्हई जाई. पयले हाई बुजा. उघडं मूळ उन्हमा मरी जाई."

मी उठलो. कागदाच्या नादात आम्ही ते मूळ तसंच उघडं टाकलं होतं. त्यावर नखाने ओढलेली पांढरी रेघ एवढ्यात तपकिरी पडायला लागली होती. मी नानांच्या समोर बसलो आणि आम्ही दोघांनी मिळून माती आत लोटली, ओंजळीने, मग तळव्यांनी दाबून बसवली. मॅडमनी त्यांच्या बाटलीतलं पाणी वर ओतलं. वाळकी काडी पुन्हा पहिल्यासारखी उभी राहिली. कुणी पाहिलं असतं तर म्हणाला असता, इथे काही नाही.

हात झटकायचंही सुचलं नाही. तसाच मातीचा हात घेऊन मी दुसरा कागद मागितला आणि लिहिलं : 'त्या उतारावर कातळ नव्हता. जमिनीखाली अंजन होता, आणि ते मला वेळेवर सांगितलेलं होतं.'

खाली सही केली आणि साक्षीदार म्हणून पेन गुलाबनानांच्या हाती दिलं.